हिमगाडी डावीकडे वळेना

या सदराकडे शिवणयंत्र, विहिरीवरचा पंप, भिंतीवरचें घड्याळ यांच्या तक्रारी नेहमींच येतात. परंतु बर्फावरून चालणाऱ्या गाडीविषयीं पत्र यावें, असा प्रसंग यापूर्वीं आला नव्हता. पत्र पुण्यांतील एका कुटुंबांतील वडील मंडळींचें आहे. त्यांचे धाकटे चिरंजीव अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं व्हर्माँट येथें असतात. तेथें त्यांनीं शेजाऱ्याबरोबर भागीनें एक जुनी साखळपट्ट्यांची हिमगाडी विकत घेतली आहे. डोंगरावरील लांकडी घरापर्यंत हिंवाळ्यांत सामान नेण्यास ती उपयोगी पडेल, असा त्यांचा बेत. गाडी उजवीकडे छान वळते, डावीकडे मात्र वळतां वळत नाहीं. "उतरतांना थोडें सांभाळून घेतलें म्हणजे झालें," असें चिरंजीव लिहितात. मातोश्रींना तें पटत नाहीं, आणि निवाडा आमच्याकडे आला आहे.

निवाडा आधीं सांगतों, कारणें मागाहून. मातोश्रींचेंच म्हणणें बरोबर आहे. ही गाडी वळविण्याचें जें साधन, तेंच तिला थांबविण्याचें. जिची डावी बाजू वळणाला दाद देत नाहीं, तिची डावी बाजू थांबतांनाही दगा देण्याचा संभव फार. दोष सांपडून दूर होईपर्यंत ती गाडी उतारावर जातां कामा नये. हें एवढें वाक्य आजच कळवावें. पुढील मजकूर सवडीनें धाडला तरी चालेल.

आतां ही गाडी कोणती, तें पाहूं. पत्रासोबतच्या छायाचित्रावरून ती 'वीझल', म्हणजे अमेरिकन सैन्याची एम-29 या क्रमांकाची गाडी, हें उघड दिसतें. दुसऱ्या महायुद्धांत नॉर्वेच्या बर्फांत तुकड्या उतरवाव्या, ही कल्पना जेफ्री पाइक या चमत्कारिक बुद्धीच्या इंग्रज गृहस्थाची. ती मोहीम झालीच नाहीं. पण त्यासाठीं आंखलेली गाडी स्टुडबेकर कंपनीनें 1943 पासून युद्ध संपेपर्यंत हजारोंनीं तयार केली. सुमारें दोन टन वजन, 'चँपियन' मोटारींतलें सहा नळकांड्यांचें इंजिन, आणि पुढील नमुन्यांत वीस वीस इंच रुंदीचे दोन पट्टे. त्यामुळें सगळें वजन इतकें पसरतें कीं, दर चौरस इंचावर दोन पौंडांहूनही कमी भार येतो. मनुष्याचा पाय ज्या बर्फांत गुडघ्यापर्यंत रुततो, त्यावरून ही दोन टनांची गाडी चालत जाते. युद्धानंतर ग्रीनलंडमधील फ्रेंच मोहिमांत, तसेंच 1949 ते 1952 च्या नॉर्वेजियन-ब्रिटिश-स्वीडिश अंटार्क्टिक मोहिमेंत याच गाड्या होत्या. त्या दुसऱ्या मोहिमेंत फेब्रुवारी 1951 मध्यें धुक्यांत एक वीझल तुटलेल्या हिमकड्यावरून समुद्रांत गेली आणि आंतील चौघांपैकीं तिघे बुडाले. तो दोष यंत्राचा नव्हता. परंतु बर्फावर वेळेवर न थांबणें किंवा न वळणें म्हणजे काय, हें समजण्यास तेवढें उदाहरण पुरे.

बर्फावरील गाडी वळवावी कशी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. कप्तान स्कॉटनें 1911 साली दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर ज्या मोटार-घसरगाड्या नेल्या, त्यांना सुकाणू म्हणून नव्हतेंच. पुढें बांधलेला दोर माणसांनीं ओढून गाडीचें तोंड फिरवावें लागे. 1931 मध्यें सिट्रोएन कंपनीच्या मोहिमेंतील दोन गाड्या श्रीनगरहून बुर्झिल खिंडीच्या वाटेनें गिलगिटला पोंचल्या, त्यांना मागें पट्टे आणि पुढें साधीं चाकें होतीं. कॅनडांतील क्युबेकच्या झोझेफ-आर्मां बोंबार्दिए यानें चाकांच्या जागीं पुढें लांकडी पाद म्हणजे 'स्की' लावून मागें पट्टे ठेवले. या गृहस्थाचा दोन वर्षांचा मुलगा 1934 च्या हिंवाळ्यांत दगावला. रस्ते बर्फानें बुजलेले, आणि मुलास रुग्णालयांत न्यावयास वाहनच नव्हतें. त्यानंतर त्यानें हिमगाडीचा असा ध्यास घेतला कीं, 1937 त सात जणांची व 1942 त बारा जणांची गाडी बाहेर पडली. शाळेला जाणारीं मुलें, डॉक्टर, टपाल अशा सर्वांची ने-आण त्या गाड्यांनीं केली. ऑरेगॉन संस्थानांतील टकर यांची 'स्नो-कॅट' आणखी निराळी: तिला चार कोपऱ्यांस चार पट्टे, आणि पुढचा व मागचा आंस मधल्या खुंटाभोंवतीं उलट दिशांनीं फिरतो. व्हिव्हियन फुक्स यांनीं 1957-58 त 99 दिवसांत अंटार्क्टिका खंड आरपार ओलांडलें, तें मुख्यतः या चार-पट्टी गाड्यांच्या बळावर. त्यांच्याबरोबरच्या वीझल एकामागून एक वाटेंत सोडाव्या लागल्या, ही गोष्टही वीझलच्या नव्या मालकांनीं लक्षांत ठेवावी.

वीझलला सुकाणूचें चक्र नाहीं, स्की नाहीं, फिरता आंसही नाहीं. चालकापुढें दोन तरफा असतात. डावी ओढली कीं गाडी डावीकडे, उजवी ओढली कीं उजवीकडे, दोन्ही ओढल्या कीं उभी. थायोकोल कंपनीच्या पुढील काळांतल्या कित्येक हिमगाड्याही याच जातीच्या.

तरफ ओढल्यावर आंत काय घडतें, हें समजल्याखेरीज दोष सांपडणार नाहीं. बैलगाडीचें वळण आठवा. डावीकडे वळावयाचें तर गाडीवान डाव्या बैलाचा कासरा आंखडतो आणि उजव्याला चुचकारतो. डावा थबकत थबकत चालतो, उजवा पाऊल उचलतो. मात्र डावा बैल जुवांतून कोणी सोडीत नाहीं. ट्रॅक्टरांच्या एका जातींत वळतांना एका बाजूचा संबंध क्लचनें तोडून टाकतात. तें म्हणजे बैल सोडण्यासारखें झालें. वीझलमध्यें तसें नाहीं. अमेरिकेंतील 'क्लेट्रॅक' ट्रॅक्टरांनीं जी युक्ति प्रचारांत आणली, ती येथें आहे. दोन पट्ट्यांच्या मध्यें मोटारींत असतें तसें डिफरन्शिअल. पण त्यांत दंतचक्रांची आणखी एक जोडी, आणि प्रत्येक बाजूस एक एक ढोल. डाव्या ढोलाभोंवतीं अस्तर लावलेली पोलादी पट्टी असते. डावी तरफ ओढली कीं ही पट्टी ढोलाला आंवळते, ढोल थांबतो, आणि दांत्यांच्या ठरीव प्रमाणांत डावा पट्टा मंदावून उजवा तितकाच जलद होतो. जोर दोन्हीकडे चालूच राहतो.

यावरून एक गोष्ट निघते. अशी गाडी जागच्या जागीं गरकन् फिरत नाहीं, कारण आंतला पट्टा कधीं थांबतच नाहीं. वीझलच्या वळणाची त्रिज्या सुमारें बारा फूट. रणगाड्यांचीं चित्रें पाहून "आमची गाडी तशी कां फिरत नाहीं" असें विचारणारे मालक पुष्कळ. तो दोष नव्हे, ती घडणच आहे. आणि तरफ आणखी जोरानें ओढून बारा फुटांचे आठ होत नाहींत, पट्टीचें अस्तर मात्र लवकर जातें.

आतां मुख्य तपासणी. पहिला प्रश्न चिरंजीवांनीं गाडीला असा विचारावा: सपाट, कठीण बर्फावर, पहिल्या वेगांत, दोन्ही तरफा सोडून दिल्या तर तूं कोठें जातेस? येथेंच निम्मा उलगडा होतो. तरफा सोडल्यावरही गाडी आपोआप उजवीकडे ओढ घेत असेल, तर 'डावीकडे वळत नाहीं' ही तक्रार उजव्या बाजूची आहे. उजवी पट्टी ढोलाला घासत असेल, उजवा साखळपट्टा अवाजवी ताणलेला असेल, खालचें एखादें चाक बेअरिंगांत जखडलें असेल, किंवा उजव्या दंतचक्राच्या खांचांत बर्फ दगडासारखा बसला असेल. उलट तरफा सोडल्यावर गाडी नाकासमोर सरळ जात असेल, तर उजवी बाजू निर्दोष समजावी आणि डाव्या पट्टीकडे वळावें. हा प्रश्न न विचारतां डाव्या बाजूचे नट आंवळीत बसणारे लोक आठवडेच्या आठवडे घालवितात.

बर्फ साचण्याची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण ती सर्वांत आधीं पाहावी, कारण तिला फावडें व लांकडी मोगरी यांखेरीज खर्च नाहीं. दुपारच्या उन्हाकडील बाजूचा बर्फ वितळतो, संध्याकाळीं तो पुन्हां गोठतो, आणि सकाळीं एका बाजूचा पट्टा जणूं लहान मापाचा होऊन बसतो. मग पट्ट्यांचा ताण पाहावा. किती सैल ठेवावयाचे, तें त्या नमुन्याच्या पुस्तिकेंत दिलेलें आहे. आमचा आग्रह दोन्ही बाजू सारख्या असाव्या एवढाच. सत्तर-ऐंशी वर्षांच्या रबराला चिरा गेलेल्या असतात. अशा पट्ट्यांपैकीं एक अधिक ताणून लांबला असला, तर नुसत्या डोळ्यांनीं तें कळत नाहीं. दोरीनें मापून पाहावें.

यानंतर तरफ. डावी तरफ मागें ओढतांना हाताला काय लागतें? ती पोकळ येऊन शेवटपर्यंत सहज गेली, तर पट्टी झिजली आहे, किंवा तरफेपासून पट्टीपर्यंतच्या सळया-सांध्यांत खेळ पडला आहे. एका माणसानें तरफ हलवावी व दुसऱ्यानें एकेका सांध्यावर बोट ठेवावें. खिळीचें भोंक लांबट झालेलें बोटाला तत्काळ कळतें. अशीं चार भोंकें थोडथोडीं झिजलीं कीं तरफेची निम्मी ओढ वाटेंतच खर्च होते, आणि मालक निष्कारण पट्टीला बोल लावतो. सांधे नीट असतील तरच पट्टी जुळविण्याच्या मळसूत्राला हात लावावा. पट्टी घासूं लागेपर्यंत आंवळावी, मग पुस्तिकेंत सांगितले तितके फेरे सैल करावी, आणि दोन्ही तरफा सारख्याच अंतरावर पकडतात कीं नाहीं तें पाहावें. "थोडी जास्तच आंवळून ठेवूं" ही सावधगिरी घातक आहे. सदा घासणारी पट्टी जळते, इंजिनाचा जोर खाते, आणि मग गाडी दुसऱ्या बाजूला वळेनाशी होते.

तरफ घट्ट लागते, तरी गाडी वळत नाहीं, असें असेल तर प्रकरण निराळें. पट्टी ढोलाला भिडते आहे, पण धरीत नाहीं. याची खात्री करून घेण्याची एक सुंदर परीक्षा आहे. गाडी सपाट जागीं भक्कम लांकडी ठोकळ्यांवर अशी चढवावी कीं दोन्ही पट्टे अधांतरीं राहतील. जॅकवर तोललेल्या गाडीशीं ही खटपट मुळींच करूं नये, आणि खालीं तर कोणीं जाऊंच नये. इंजिन बंद, वेग पहिल्यांत अडकविलेला. आतां एक पट्टा हातानें फिरविला तर दुसरा उलट दिशेनें फिरेल. डिफरन्शिअलचा तो धर्मच आहे. या स्थितींत डावी तरफ ओढून धरावी. पट्टी ढोल धरीत असेल तर दोन्ही पट्टे खिळल्यासारखे थांबले पाहिजेत. तरीही ते फिरले, तर चोर सांपडला. मग हीच परीक्षा उजव्या तरफेनें करावी, म्हणजे चांगली बाजू किती घट्ट धरते तें ताडून पाहतां येईल.

चोर सांपडला तरी लगेच पेटी उघडूं नये. आधीं तेल पाहावें. या जातीच्या कित्येक गाड्यांत ढोल व पट्ट्या तेलांतच फिरतात. तेलांत ब्रेक ही कल्पना विचित्र वाटेल, पण गारवा व टिकाऊपणा यांसाठीं ती योग्यच आहे. अट एवढीच कीं तेल तें सांगितलेलेंच असावें. अंगाला तेल चोपडलेल्या मल्लाला धरणें किती कठीण, हें आखाडा पाहिलेल्यांस सांगावयास नको. आजकालच्या दंतचक्रांच्या तेलांत फार भार सोसण्यासाठीं जीं द्रव्यें घालतात, तीं दांत्यांना हितकर, पण ढोल-पट्टीच्या पकडीला मारक ठरूं शकतात. नव्या मालकानें 'उत्तमांतलें उत्तम' तेल विकत घेऊन गाडी बिघडविली, असें म्हणूनच घडतें. थंडींत दाट तेल गोठल्यासारखें होतें, तें आणखी निराळें. गाडी सकाळीं वळत नाहीं आणि तासाभरानें वळूं लागते, असें असेल तर संशय प्रथम तेलाच्या दाटपणावर घ्यावा.

जुनें तेल काढतांना तें पांढऱ्या कापडावर गाळून घ्यावें. येथें वैद्याच्या नाडीपरीक्षेइतकें कळतें. तेल दुधासारखें असेल तर पाणी शिरलें आहे, आणि तें पाणी रात्रीं आंत गोठणार. काळसर तंतू वा पापुद्रे दिसले तर अस्तर सुटत चाललें आहे. पिवळे कण पितळी बुशांचे. पोलादाची तकतकीत कपची सांपडली तर मात्र गाडी तेथेंच ठेवावी. दांता तुटल्याशिवाय तशी कपची येत नाहीं. तेल बदलून, पट्टी जुळवूनही परीक्षेंत पट्टे फिरत राहिले, तर पेटी उघडून अस्तर नवें लावण्यावांचून गत्यंतर नाहीं. तें लावतांना दोन्ही बाजूंचें एकदमच लावावें. एका बाजूस नवें व दुसरीस जुनें, ही काटकसर पुढें महाग पडते. कशी, तें पुढें येईल.

एक दुर्मिळ पण गोंधळांत टाकणारें लक्षण येथेंच सांगून ठेवतों. इंजिन चालतें, वेग पडतो, गाडी मात्र हलत नाहीं. आणि कोणतीही एक तरफ ओढली कीं हलूं लागते. असें झाल्यास एका बाजूचा दांडा तुटला आहे असें समजावें. सगळी गति तुटलेल्या बाजूस फुकट जात असते. तरफ ओढली म्हणजे दोन बाजूंचें प्रमाण बांधलें जातें आणि शाबूत बाजूला चालणें भाग पडतें. या युक्तीनें गाडी फार तर सपाटीवरून आडोशाला आणावी.

कधीं कधीं यंत्र निर्दोष असतें आणि चूक चालविण्यांत असते. खोल, ओल्या बर्फांत वळण घेण्यास पुष्कळ जोर लागतो, कारण पट्ट्यांना बर्फ बाजूला रेटावा लागतो. वरच्या वेगांत, मंद इंजिनावर तरफ ओढली तर गाडी वळण्याऐवजीं बंद पडते. खालचा वेग घालून मग वळावें. मागें जड घसरगाडी जोडलेली असली, तर तीही वळणाला विरोध करते. वळण एकदम न ओढतां थोडें ओढावें, सोडावें, पुन्हां ओढावें. आडव्या उतारावर जोराचें वळण घेतलें, किंवा मागें जातां जातां वळविलें, तर सैल पट्टा दंतचक्रावरून उतरण्याची भीति असते. मागें जातांना ताणाची बाजू बदलते आणि ढिलाई नको तेथें गोळा होते. बर्फाच्या चढावर निसटलेला पट्टा पुन्हां चढविणें हें काम कोणीं शत्रूलाही सांगूं नये.

आतां उतार. दोन्ही तरफा एकदम ओढून गाडी थांबवावयाची, हें वर आलेंच आहे. डावी पट्टी धरीत नसतांना चालकानें उतारावर दोन्ही तरफा ओढल्या, तर प्रत्यक्षांत एकटी उजवीच काम करते. म्हणजे थांबण्याच्या क्षणीं गाडी थांबत नाहीं, उजवीकडे वळते. उताराला आडवी होते. आणि आडवी झालेली गाडी घसरते किंवा कलंडते. "सांभाळून" चालविण्यानें हें टळत नाहीं, कारण प्रत्येक वेळीं चालकाचा हात बरोबरच असतो, यंत्र मात्र अर्धेंच ऐकतें. एका बाजूस नवें व दुसरीस जुनें अस्तर लावूं नये तें याचसाठीं. दुरुस्तीनंतर सपाट मोकळ्या मैदानावर, माणशी चालण्याच्या वेगानें, दोन्ही तरफा एकदम ओढून दहा-वीस वेळां थांबून पाहावें. बर्फावर पट्ट्यांचे ठसे उमटतातच. थांबतांना ते सरळ राहिले पाहिजेत. एकदांही वांकडे झाले तर जुळवणी पुन्हां करावी, आणि तोंवर लांकडी घराचें सामान पाठीवर न्यावें.

इतर जातींच्या गाड्यांविषयीं थोडक्यांत. स्कीवर वळणाऱ्या गाडींत बहुधा दोष स्कीच्या तळाचा असतो. तळाशीं जो लांबट पोलादी कणा असतो तो झिजला कीं कठीण बर्फावर स्की वळते, गाडी मात्र सरळच जाते. टकरसारख्या चार-पट्टी गाडींत पुढचा व मागचा आंस एकाच वेळीं सरळ येतो कीं नाहीं हें पाहावें. न आल्यास गाडी खेंकड्यासारखी तिरपी चालते. मधल्या खुंटाचा झिजलेला सांधा त्याच्या जोडीला असतोच. अंटार्क्टिकावरील आपल्या 'मैत्री' स्थानकावर ज्या 'पिस्टेनबुली' गाड्या चालतात, त्यांची व्यवस्था गोव्यांतील वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राच्या मोहिमांकडे असते. त्या गाड्यांत प्रत्येक पट्ट्याला तेलाच्या दाबावर फिरणारी स्वतंत्र मोटर असल्यानें ढोल-पट्टीचें हें दुखणें तेथें नाहीं.

शेवटीं रात्रीच्या मुक्कामाविषयीं. गाडी बर्फावर तशीच उभी ठेवली तर पट्टे जमिनीला गोठून चिकटतात, आणि सकाळीं पहिल्याच झटक्याला रबर फाटतें किंवा दांडा पिळवटतो. दोन जाड फळ्या टाकून त्यांवर गाडी उभी करावी, आणि निघण्यापूर्वीं खांचांतला बर्फ मोगरीनें झाडावा. जुन्या पट्ट्यांच्या रबराची निगा व चिरा सांधण्याची रीत यांविषयीं पुढील अंकीं लिहूं.